मुंडगोडची पावती

कोल्हापूरहून मुंडगोडला जाणारी माणसं दोन कारणांनी जातात. एक तर तिथले तिबेटी मठ बघायला, नाहीतर हुबळीपर्यंत काही काम निघालं आणि एक दिवस मोकळा सापडला म्हणून. मी आणि आबा गेलो ते तिसऱ्याच कारणानं. आम्हाला बुद्धमूर्ती परत करायची होती.

मूर्ती म्हणजे काही चप्पल नव्हे, की अंगठा तुटला म्हणून दुकानदाराच्या पुढ्यात नेऊन आपटावी. मूर्ती परत करायला निघालेल्या माणसाला स्वतःचीच लाज वाटते, आणि वाटेत कुणी विचारलं तर काय सांगायचं तेही सुचत नाही. त्यातून दुकान परराज्यात. आधी हे सगळं कसं जमून आलं ते सांगतो, मग प्रवासाचं.

आबा म्हणजे माझे चुलते. वडील लवकर गेले, मला वाढवलं आबांनीच. शाहूवाडीच्या डोंगरातली आमची वाडी लहान, भातखाचरांच्या कडेला. छप्पन सालापासून आम्ही बौद्ध. पण विहार म्हणून जे होतं ते म्हणजे समाजमंदिराची एक खोली आणि भिंतीवर काचेतला बुद्धाचा फोटो. मी वारणानगरला कॉलेजच्या कचेरीत कारकून. वाडीत मला साहेब म्हणतात, कचेरीत मी बाकी सगळ्यांना साहेब म्हणतो. वाडीत कुठलाही अर्ज, नोटीस, सातबारा आला की तो माझ्याकडे येतो, आणि कागदातलं सगळं आपल्याला कळतं असा माझाही समज होता.

आबांनी जन्मभर लोकांच्या खाचरांना दगडी बांध घातले. म्हातारपणी त्यांनी एकच ध्यास घेतला. वाडी नवा विहार बांधत होती, त्यात धातूची मूर्ती बसवायची आणि ती आपल्या डोळ्यांनी बघायची. त्यासाठी काळ्या दगडाचा कट्टा त्यांनी एकट्यानं घडवला. घाई होती ती डोळ्यांची. त्यांना काचबिंदू होता. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, गेलेली नजर परत येत नाही आणि उरलेली किती दिवस पुरेल ते सांगता येत नाही. आबा म्हणायचे, "कडंनं अंधार हाय, मधी बिळाएवढं दिसतंय. तेवढ्यात बसवा."

तेनझिन आम्हाला ठाऊक होता तो स्वेटरवाला म्हणून. दर हिवाळ्यात कोल्हापुरात तिबेट्यांची स्वेटरची दुकानं लागतात, त्यात त्याचं एक. दहा-बारा हिवाळे इथं काढून तो आमच्यासारखंच बोलायला लागला होता. "काय पावणं, घ्या की, लोकर हाय, नायलॉन न्हाय," असं म्हणून माल पुढे टाकायचा. वाडीतल्या बायका त्याच्याकडूनच घ्यायच्या, कारण तोही बुद्धाचा आणि आपणही बुद्धाचेच. मूर्तीचा विषय निघाला तेव्हा तो म्हणाला, मुंडगोडला त्याच्या आईचं दुकान आहे, त्यात मूर्ती असतात, फेब्रुवारीत त्यांचं नवं वर्ष असतं तेव्हा या. वाडीनं वर्गणी काढली आणि मी नि आबा गेलो.

त्या पहिल्या खेपेला दीड फुटाची सोनेरी मूर्ती बघून आबा दुकानातच खाली बसले. पंचधातूची आहे, दिल्लीहून आली आहे, तेनझिन म्हणाला. खालून बघा म्हणून तो ती उलटी करायला लागला, तर आम्ही दोघांनी एकदमच त्याचा हात धरला. भगवंताला डोक्यावर कुठं उभं करतोस? एरवी आम्ही अंधश्रद्धेवर तासभर बोलू शकणारी माणसं. पण त्या वेळी बोललो ते असं.

पुढची गोष्ट फक्त माझी आहे. आबा तेनझिनच्या आईबरोबर मठ बघायला गेले होते. दुकानात मी आणि तेनझिन. तो बिलबुक काढून लिहायला लागला, नग एक, मूर्ती, विक्री. मला ते फार हलकं वाटलं. उद्या ही पावती आपण विहारात फ्रेम करून लावणार, आणि त्यावर काय, तर बुद्ध विकत घेतल्याची नोंद? मी त्याला थांबवलं. म्हटलं, "बुद्धाचं बिल करायचं नसतं. धम्मदान मिळाले, असं लिही." तो म्हणाला, "साहेब, बिल बरं असतंय." मी त्याला दान आणि व्यवहार यातला फरक समजावून सांगितला. चांगलं पाच मिनिटं बोललो. त्यानं मग बिलबुक मिटलं आणि कोऱ्या कागदावर, मी इंग्रजीत सांगितलं तसं, धम्मदान साभार पोचलं असं लिहून सही केली. त्या कागदाचा मला भारी अभिमान होता.

विहाराचं छप्पर पावसाळ्याआधी झालं नाही, म्हणून मूर्ती माझ्या घरी कपाटात राहिली. श्रावणात बाहेर काढली तर मानेजवळ केसाएवढी चीर आणि चिरेतून पांढरी भुकटी. हुपरीला आमच्या कचेरीतल्या एकाच्या घरी पैंजणांचा कारखाना आहे, तिथल्या कारागिराला डाग देता येईल का म्हणून दाखवली. त्यानं बोटाच्या पेरानं टकटक केलं आणि म्हणाला, "ह्यो धातू न्हवं." मग परवानगी मागून बुडाच्या कडेला कानस लावली. वरचा मुलामा एका घाशात गेला. आत पांढरं. "पावडरीचा साचा हाय, वजनाला खाली लोखंड घातलंय. घेताना उलटी करून बघितली न्हाय व्हय?"

कोल्हापुरात एक ग्राहक मार्गदर्शन केंद्र होतं, एका खोलीचं, शनिवारी उघडं असायचं. तिथं सुलभाताई नावाच्या निवृत्त शिक्षिका लोकांच्या तक्रारी बघायच्या. त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं आणि दोन गोष्टी सांगितल्या. पहिली अशी, की तेव्हाच्या कायद्याप्रमाणे तक्रार दुकान ज्या जिल्ह्यात असेल तिथल्या ग्राहक मंचात करावी लागते. म्हणजे कोल्हापुरात नाही, कारवारला. दुसरी सांगायच्या आधी त्यांनी पावती परत एकदा वाचली.

"यावर दान लिहिलंय," त्या म्हणाल्या. "ग्राहक कोण, तर ज्यानं मोबदला देऊन वस्तू घेतली तो. तुम्ही दान दिलंत आणि त्यानं भेट दिली, असं उद्या त्याचा वकील म्हणेल. हे असं कुणी लिहिलं?"

"त्यानंच," मी म्हटलं. तसं बघितलं तर अक्षर त्याचंच होतं.

त्या म्हणाल्या, आधी भांडायला जाऊ नका. समोर बसून बोला, वस्तू बदलून मागा, निदान ही विक्रीच होती असं त्याच्याकडून लिहून आणा. निम्म्याच्या वर तक्रारी मंचाच्या दारात जायच्या आधीच मिटतात. मी आबांना एवढंच सांगितलं, की मूर्ती खोटी निघाली आणि पावतीत घोळ आहे. घोळ कुणाचा ते सांगितलं नाही. बरोबर येऊ नका म्हटलं, पण ते ऐकणार नव्हते. "तोंडावर इच्यारतो त्याला," म्हणाले.

कोल्हापूर ते हुबळी

निघालो तेव्हा गणपती होऊन गेले होते. दसऱ्याला, धम्मचक्र प्रवर्तनाच्या दिवशी, विहाराचं उद्घाटन ठरलं होतं, आणि तोवर कट्ट्यावर काहीतरी यायला हवं होतं.

मूर्ती घोंगड्यात गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवली होती. कंडक्टर म्हणाला, पेटी टपावर टाका. बाहेर भुरभुर चालू होती. आबा म्हणाले, "टपावर न्हाय जायची."

"काय हाय त्यात एवढं?"

"बुद्ध हाय."

कंडक्टरनं पेटीकडं बघितलं, मग आबांकडं. "मग पायाशी घ्या. पर लगेज पडंल," म्हणाला आणि तिकीट फाडलं. तेवढ्या त्या मिनिटाला मी हसलो. त्यानंतर हसायला फारसं काही झालं नाही.

पेटी सीटच्या पुढं ठेवली आणि आबांचे पाय कुठं ठेवायचे हा प्रश्न उभा राहिला. खाली सोडले तर पेटीला लागणार. त्यांनी सीटवरच मांडी घातली. मी दोनदा म्हटलं, आबा, आत पावडर आहे, तुम्हाला माहीत आहे. ते म्हणाले, "पावडर असू दे. वरनं तोंड कुणाचं हाय?" निपाणी आलं, तंबाखूचा वास आला, पाट्यांवरची अक्षरं बदलली, संकेश्वर गेलं, तरी मांडी सुटली नाही. बेळगावला उतरताना त्यांना उभं राहता येईना. पाय सुजून घोट्याची हाडं दिसेनाशी झाली होती. मी पेटी एका हातात धरून दुसऱ्या हातानं त्यांना उतरवलं. पुढच्या बसचा कंडक्टर कानडी, त्यानं "अज्जा, निधान", म्हणजे आजोबा, सावकाश, असं म्हणत त्यांना दंडाला धरून वर घेतलं आणि पेटीचं तिकीट मागितलंच नाही. आपल्याकडं हे असं होईलच असं सांगता येत नाही.

हुबळीच्या स्टँडबाहेर गिरमिट खाल्लं. चुरमुऱ्यांना कांद्याचा, चिंचेचा ओला मसाला लावलेला असतो, वर फुटाण्याचं पीठ, बाजूला तळलेली मिरची. आमच्या भडंगाचा सावत्र भाऊ म्हणावा, पण भडंग कुरकुरीत आणि हे मऊ. आबांनी दोन घास खाऊन कागद माझ्याकडे दिला. त्यांना कागदाची कड दिसत नव्हती, चुरमुरे धोतरावर सांडत होते, आणि लोकांसमोर सांडलेलं त्यांना आवडत नसे. फेब्रुवारीत याच टपरीवर त्यांनी दोन वेळा मागून घेतलं होतं. सहा-सात महिन्यांत एवढा फरक पडला होता, आणि मला तो त्या दिवशी तिथं कळला.

मुंडगोड

हुबळीच्या पुढं रस्ता दक्षिणेला उतरतो तशी झाडी वाढत जाते. साग, मधेच तळी, आणि मग भातच भात, निसवायच्या बेताला आलेलं. अगदी आमच्या शाहूवाडीसारखं, फक्त डोंगर काढून घेतलेले. तिबेटी वसाहत गावापासून थोडी दूर आहे. तिथल्या वस्त्यांना नावं कमी, नंबर जास्त. अमुक नंबरचा कॅम्प म्हटलं की रिक्षावाला बरोबर नेतो. कौलारू घरं, दारात मका वाळत घातलेला, उंच काठ्यांना बांधलेल्या रंगीत कापडी पताका आणि मधेच एकदम सोनेरी शिखराचा मठ.

मठाच्या अंगणात तरुण भिक्खू वाद घालतात. एकजण खाली बसलेला असतो, दुसरा उभा राहून प्रश्न विचारतो आणि प्रश्न संपला की पुढं झेपावून जोरात टाळी वाजवतो. बसलेल्यानं तिथल्या तिथं उत्तर द्यायचं. धर्माचीच चर्चा असते म्हणे. फेब्रुवारीत आबांना हे फार आवडलं होतं. आमच्या विहारात वंदना होते, भाषण होतं, पण उभं राहून तोंडावर प्रश्न विचारायची चाल नाही. या खेपेला ते थांबले नाहीत. नुसत्या टाळ्या ऐकत पुढं गेले.

तेनझिननं आम्हाला लांबूनच ओळखलं आणि धावत येऊन पेटी घेतली. त्याच्या आईनं लोणी-मिठाचा चहा आणला. तो चहा ज्यांनी प्यायला नाही त्यांनी आमटीचं पाणी समजून प्यावा, म्हणजे बरा लागतो. चहा म्हणून प्यायला गेलं की पहिल्या घोटालाच फसगत होते. आबांनी मान खाली घालून सगळा प्याला संपवला, मग म्हणाले, "उघड पेटी."

तेनझिननं घोंगडं सोडवलं. चीर बघून त्यानं मूर्ती हळूच आडवी केली. बुडाला कानशीचा पांढरा घासा होता, त्यावरून त्यानं अंगठा फिरवला. आईला त्यांच्या भाषेत काही सांगितलं. म्हातारीनं तोंडावर पदर घ्यावा तसा हात घेतला.

"मला पन पंचधातूच म्हनून दिली," तो म्हणाला. "दिल्लीवाल्यानं. खालून पत्रा मारलेला हुता. म्या उघडून बघितलं न्हाय."

"त्याला धर मग," मी म्हटलं.

"तो म्हननार नेपाळातनं आली. आनि नेपाळला जायला मला परवानगी काढायला लागती. आमी इथले न्हाय न्हवं. कागद निराळा असतोय आमचा."

शाहूवाडीच्या माणसानं कारवारला जायचं, मुंडगोडच्या माणसानं दिल्लीला, दिल्लीच्यानं काठमांडूला. सुलभाताईंनी मला एक हद्द सांगितली होती, इथं तीन निघाल्या. बदलून द्यायला दुकानात मातीच्या बोटभर मूर्ती सोडल्या तर काही नव्हतं. ओळखीच्या माणसाकडून ओतीव मूर्ती मागवतो, पण वर्ष तरी लागेल, असं तेनझिन म्हणाला. वर्ष म्हटल्यावर आबांनी डोळे मिटून घेतले.

मग मी सुलभाताईंचं सांगितलं. तक्रार, कारवारचा मंच, आणि पावतीवर दान लिहिलंय म्हणून तक्रार उभी राहत नाही ते. बोलताना मी हळूहळू बोलत होतो आणि तरीही शेवटच्या वाक्याकडं येतच होतो.

आबांनी डोळे उघडले. "दान लिवलंय? पावतीवर?"

"व्हय."

ते तेनझिनच्या आवाजाच्या दिशेनं वळले. त्यांचा आवाज चढला नाही, उलट बसला. "इकायची वस्तू, वाडीनं पोटाला चिमटा काढून आनलेलं पैसं, आन् दान लिवतोस? म्हंजी उद्या इच्यारायला कुनी येऊ ने म्हनून? हे शिकीवलं तुला बुद्धानं?"

तेनझिननं माझ्याकडं बघितलं.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. दोन शब्दांचं काम होतं, आबा, म्या सांगितलं. मी समोरच्या चहाच्या प्याल्याकडं बघत राहिलो. त्यावर लोण्याची साय धरायला लागली होती. मला वाटलं, तो सांगेल आता, आणि एकदा त्यानं सांगितलं की मग मीही कबूल करीन. एवढं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

"चूक झाली आबा," तेनझिन म्हणाला. "म्या लिवलं."

दुसरा दिवस

त्यांच्याच घरी मुक्काम झाला, कारण आबांचे पाय ठीक नव्हते. तेनझिनच्या आईनं गरम पाण्यात मीठ घालून ते शेकले. आबांनी भिंतीकडं तोंड करून शेकू दिले. जेवायला थुक्पा होता, शेवयांचं पातळ कालवण म्हणा. मी दोन वाडगे खाल्ले आणि माझं मलाच नवल वाटलं, की असल्या दिवशीही भूक लागते.

सकाळी आबा उठायच्या आधी मी तेनझिनला मक्याच्या शेताकडं गाठलं. विचारलं, "तू असं का सांगितलंस?"

तो कणसावरचं पान सोलत होता. "आबांना तुमीच हाय न्हवं," तो म्हणाला. "माझं काय, मी हिवाळ्यात येनार आनि जानार."

मी म्हटलं, आज सांगतो त्यांना. त्यानं मान हलवली. खरं वाटलं म्हणून, की नाही वाटलं म्हणून, ते कळलं नाही. मग तो दुकानात जाऊन एक कागद लिहून घेऊन आला. फेब्रुवारीत मूर्ती विकली, पंचधातूची म्हणून विकली, दान नव्हतं, असं स्वच्छ लिहून खाली सही केली होती. म्हणाला, "कारवारला माझ्यावर केस करा. मी येतो आनि खरं ते सांगतो. मंचानं लिहून दिलं तर तो कागद घेऊन मला दिल्लीवाल्याकडं जाता येईल." सुलभाताई ज्या कागदासाठी मला एवढं समजावत होत्या, तो मागितल्याशिवाय हातात आला होता. त्यावर त्यानं माझं नाव कुठंही लिहिलं नव्हतं.

आबांना कागद वाचून दाखवला. त्यांनी विचारलं, "किती दिस लागतील त्या मंचाला?"

"वर्ष, दोन वर्षं. तारखा पडतात."

"माझ्या डोळ्याला मिळंल व्हय तारीख?" आबा म्हणाले. "न्हाय करायची केस. ज्याच्या घरात पाय शेकून घेतलं त्याला कोर्टात कुठं उभा करतोस."

तेनझिननं घेतलेली किंमत परत द्यायची तयारी दाखवली, हिवाळ्याचा धंदा झाला की देतो म्हणाला. मला वाटलं आबा घेतील; ते पैसे वाडीचे होते. पण राग पुरता गेला नव्हता. "दान लिवलंस न्हवं?" ते म्हणाले. "दान परत घेत न्हाईत." तेनझिन गप्प राहिला. मीही राहिलो, आणि वाडीचे पैसे त्या एका वाक्यात गेले.

आता मूर्तीचं काय करायचं? आपल्याकडं भंगलेली मूर्ती लोक नदीत सोडतात. ते आम्हाला पटत नाही, आणि घरी न्यायची तर कुठं ठेवायची? तिथं चाल अशी, की मोडकी मूर्ती, फाटलेली पोथी टाकायची नाही, स्तूपाच्या पोटात ठेवायची. मठामागं एक नवा स्तूप बांधायचं काम चालू होतं, खालचा भाग अजून उघडा होता. आबांनी स्वतः आत हात घालून दगड कसे बसवलेत ते चाचपलं, सांधा बरा आहे म्हणाले, आणि मग मूर्ती ठेवू दिली. आत तशा आणखी बऱ्याच होत्या. आमची त्यात कुठली ते थोड्या वेळानं मलाही ओळखता येईना.

परत

रिकामी पेटी घेऊन आलो. आबा पाय खाली सोडून बसले होते. धारवाडच्या पुढं त्यांना झोप लागली. मी ठरवत होतो, बेळगावला चहा पिताना सांगू. बेळगावला गर्दी होती. मग निपाणीला सांगू म्हटलं, निपाणीला ते पुन्हा झोपेत होते. कोल्हापूर आलं. माणूस ठरवून गप्प बसत नाही, एकेक स्टँड मागं टाकत बसतो.

वाडीत विहारात सगळे जमले. आबांनी उभं राहून सांगितलं, त्या तेनझिननं खोटी मूर्ती दिली आणि आपल्याला धरता येऊ नये म्हणून पावतीवर दान लिहिलं. बायका म्हणाल्या, आता त्याच्याकडचं स्वेटर न्हाय घ्यायचं. कुणीतरी मला विचारलं, "व्हय न्हवं, साहेब?" मी म्हटलं, "पावतीवर दानच लिवलंय." हेही खोटं नव्हतं. त्याचा तो दुसरा कागद माझ्या कपाटात होता.

दसऱ्याला कट्ट्यावर जुना फोटो ठेवून वंदना केली. फोटो भिंतीवर शोभायचा, कट्ट्यावर तो फारच लहान दिसला. आबांना पहिल्या रांगेत बसवलं होतं. त्यांनी मला हळूच विचारलं, फोटो सरळ बसलाय का. तिथून त्यांना तो दिसत नव्हता.

कोल्हापूर, डिसेंबर

डिसेंबरात डोळे दाखवायला त्यांना कोल्हापूरला आणलं. तपासणीला फार वेळ लागला नाही. उजवा संपला होता, डाव्याला नुसता उजेड कळत होता. डॉक्टरांनी थेंब चालू ठेवा म्हणून सांगितलं.

जिन्यातून उतरताना आबा म्हणाले, "स्वेटरवाली मानसं आल्यात का रं?" मी म्हटलं, आली असतील. म्हणाले, "तेनझिनकडं ने मला."

मी म्हटलं, लांब आहे, बस चुकेल. ते म्हणाले, "चुकू दे."

तेनझिन दुकानात एकटाच होता. शेजारच्या दुकानांत गिऱ्हाईक होतं, त्याच्याकडं नव्हतं. आम्हाला बघून तो उठून उभा राहिला, आबांना स्टूल दिलं, पण आबा बसले नाहीत. त्यांनी हात पुढं करून हवेत शोधला, तेव्हा तेनझिननं आपला हात त्यांच्या हातात दिला.

"पोरा, म्या लई वंगाळ बोललो तुला," आबा म्हणाले. "वाडीतबी सांगितलं. बायका येत न्हाईत तुझ्याकडं, ते माझ्यामुळं. पर मानसाच्या हातनं चूक हुतीया. तुझी चूक म्या मनातनं काढून टाकली बघ. आता तूबी धरून बसू नको."

आबांचा दुसरा हात माझ्या खांद्यावर होता. रस्त्यावरून टांग्याच्या घंटेचा आवाज येत होता, आणि दुकानात लोकरीचा नवा वास होता. तेनझिननं माझ्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर कदाचित मी बोललो असतो, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होतो. त्यानं मान खाली घातली आणि दोन्ही हातांनी आबांचा हात कपाळाला लावला.

"जी आबा," तो म्हणाला.

आम्ही स्टँडकडं निघालो. आबा नेहमीपेक्षा भराभर चालत होते, मला त्यांना आवरावं लागत होतं. कोपऱ्यावर गाड्या जाऊ देण्यासाठी थांबलो तेव्हा ते म्हणाले, "लई दिस वझं हुतं. हलकं वाटलं बघ."

मी व्हय म्हटलं आणि त्यांना रस्ता ओलांडून दिला.